वाणांची नावे आणि जमिनीची प्रतवारी : जिते परिसरातील पीकवैविध्याचा इतिहास

पिकांचा इतिहास बहुधा उत्पन्नाच्या आकड्यांवरून लिहिला जातो. भाताखाली किती एकर जमीन होती, नाचणी किती पिकली, सारा किती वसूल झाला, या गोष्टी महसुली दप्तरांतून समजतात आणि त्या आवश्यकही होत. परंतु ‘भात’ या एकाच सदराखाली जे अनेक वाण दडलेले असतात, त्यांचे पुढे काय झाले हे अशा आकड्यांवरून कळत नाही. एखाद्या गावाचे भाताचे क्षेत्र शंभर वर्षे तेवढेच राहूनही त्यातील सर्व जुने वाण नाहीसे झालेले असू शकतात. हा बदल जाणून घ्यावयाचा तर दुसऱ्या साधनाकडे वळावे लागते. शेतकऱ्यांनी वाणांना आणि जमिनींना दिलेली नावे हे ते साधन होय. रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातील जिते आणि त्याच्या आसपासचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून या नावांवरून पीकवैविध्याचा इतिहास कितपत उलगडतो, आणि ते वैविध्य राखण्याच्या आजच्या प्रयत्नांना त्यातून काय शिकता येते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रदेश आणि जमिनीची प्रतवारी

पनवेलहून दक्षिणेस जाणारा मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळ्याची खिंड उतरून खारपाड्याजवळ पाताळगंगा ओलांडतो आणि पेण तालुक्यात शिरतो. जिते हे गाव याच मार्गावर, पेण शहराच्या अलीकडे वसलेले आहे. १९८६ साली आपट्यापासून रोह्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला, त्यावरील आपटा आणि हमरापूर यांच्या दरम्यानचे स्थानकही याच नावाचे आहे. एका बाजूस सह्याद्रीच्या पुढे आलेल्या डोंगररांगा आणि दुसऱ्या बाजूस धरमतरच्या खाडीकडे उतरत जाणारा खारपाट, अशी या भागाची रचना आहे. अवघ्या काही मैलांच्या अंतरात डोंगरउतार, पायथ्याची भातखाचरे आणि भरतीच्या पाण्याने वेढलेली जमीन अशा तीन भिन्न परिस्थिती येथे एकत्र आल्या आहेत. पावसाचे वार्षिक मान सुमारे ३,००० मिलिमीटर असून तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

येथील शेतकऱ्याच्या भाषेत जमिनीचे मुख्य प्रकार तीन. खाडीलगतची ती खारी, पायथ्याच्या बांधबंदिस्तीतील ती गोडी, आणि उताराची, हलक्या मातीची ती वरकस. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या कुलाबा व जंजिरा यांवरील अकराव्या खंडात भातजमिनीचा खारी व गोडी हा भेद आढळतो. ‘वरकस’ आणि ‘राब’ या शब्दांची नोंद मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही आहे. ‘खार’ हा शब्द संस्कृत ‘क्षार’ या शब्दापासून आला असून खारपाडा, खारपाट अशा स्थलनामांतून तो सर्वत्र दिसतो. ही प्रतवारी साऱ्याच्या आकारणीसाठी सरकारने उपयोगात आणली हे खरे, परंतु ती सरकारने निर्माण केलेली नाही. ती मूळची शेतीच्या व्यवहारातील आहे, आणि वाणांची निवड तिच्यावरच अवलंबून होती.

२. नावांतील सूचना

भाताच्या वाणांचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन वर्ग कोकणात सर्वत्र केले जातात. हळवा वाण साधारणतः शंभर ते एकशे दहा-पंधरा दिवसांत तयार होतो, तर गरव्यास एकशे पस्तीस ते दीडशे दिवस लागतात. या शब्दांची व्युत्पत्ती बोधप्रद आहे. संस्कृत ‘लघुक’ याचे प्राकृतात ‘लहुअ’ आणि वर्णविपर्ययाने ‘हलुअ’ असे रूप झाले. या विपर्ययाची नोंद हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात केलेली आहे. ‘हळू’ आणि ‘हळवा’ ही मराठी रूपे त्यातूनच आली. त्याचप्रमाणे ‘गुरुक’ – ‘गरुअ’ – ‘गरवा’ अशी दुसरी परंपरा आहे. म्हणजे कालावधीचा हा भेद भाषेने हलके आणि जड या परस्परविरोधी कल्पनांनी व्यक्त केला.

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. उंचावरच्या खाचरातील पाणी पाऊस ओसरताच आटते, म्हणून तेथे लवकर पिकणारा वाण हवा. सखल खाचरात पाणी पुढेही टिकते, तेथे गरवा वाण सावकाश पिकून अधिक उतारा देतो. हलकी जमीन, थोडे पाणी आणि अल्प मुदत या तीन गोष्टी ‘हळवा’ या एका विशेषणात सामावल्या आहेत. वाणाचे नाव सांगितले की तो कोठे लावावा हेही बव्हंशी सांगून झाले.

वाणांची विशेषनामेही पाहण्याजोगी आहेत. काळा राता आणि भुरा राता ही नावे रंगावरून पडली. येथे ‘राता’ म्हणजे तांबडा, आणि हे दोन्ही वाण खाऱ्या जमिनीत तग धरणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. आंबेमोहोर हे नाव वासावरून, तर जिरेसाळ हे दाण्याच्या आकारावरून पडले; दुसऱ्या नावातील ‘साळ’ म्हणजे संस्कृत ‘शालि’. नाव आणि वाण यांचा संबंध नेहमीच एकास एक असतो असे मात्र मानता येत नाही. एका गावचा ‘राता’ आणि दुसऱ्या गावचा ‘राता’ यांत फरक असू शकतो, आणि एकच बी दोन गावांत दोन नावांनी नांदू शकते. म्हणून नावांची यादी ही वाणांची मोजदाद होऊ शकत नाही. शेतकऱ्याने कोणत्या गुणांकडे लक्ष दिले, याचा मात्र ती विश्वसनीय पुरावा आहे.

३. खारी जमीन : बांध आणि बी

खाडीचे पाणी अडवून काढलेल्या जमिनीस पेण भागात ‘शिलोत्री’ ही जुनी संज्ञा आहे. समुद्राकडील बांध घालण्याची आणि त्याच्या डागडुजीची व्यवस्था या धारापद्धतीशी निगडित होती. बांधाची निगा सर्व शेतकऱ्यांनी मिळून राखावी यासाठी ‘जोळ’ नावाची सामूहिक पद्धत अस्तित्वात होती. बांधास खांड पडली की एका भरतीत अनेकांची शेती खारी होत असे. त्यामुळे ही जबाबदारी टाळणे कोणासही परवडणारे नव्हते.

या जमिनीत भाताची लागवड करण्याची रीतही निराळी. पावसाने वरचे मीठ धुऊन गेल्यावर मोड आणलेले बी चिखलात फेकावयाचे, यास ‘रहू’ म्हणतात. येथे राबाची आवश्यकता नसते, म्हणून डोंगरातील पालापाचोळ्यावर ही शेती अवलंबून नव्हती. तिचे सर्व भवितव्य बांध, उघाडी आणि क्षार सोसणारे बी या तीन गोष्टींवर होते. खांड पडून जमीन खारावली तर पुढील हंगामांत जे वाण तेथे थोडेबहुत पिकत, ते राता वर्गातील होते. त्यांचा तांदूळ जाडाभरडा व तांबडा असल्याने त्यास बाजारात भाव कमी मिळत असे. तरीही शेतकऱ्याने ते राखले, कारण वाईट वर्षातील तो त्याचा आधार होता.

१९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने बांधांच्या कामात शासनाचा प्रवेश झाला. दगडमातीची मोठी कामे शासनाच्या साहाय्याने होऊ लागली, हा लाभ होय. परंतु बांध सरकारचा झाला तशी जोळाची जुनी जबाबदारी सैल होत गेली. दुरुस्ती लांबली म्हणजे खारे पाणी शिरते, आणि शिरलेले पाणी वर्षानुवर्षे राहिले म्हणजे त्या शेतात तिवरे उगवतात. अशा जमिनीत राता देखील पेरला जात नाही. क्षार सोसणारा वाणसुद्धा बांध सोसतो तोवरच टिकतो.

४. गोडी जमीन, वरकस आणि राब

गोड्या जमिनीतील भाताची रोपे राब भाजलेल्या वाफ्यात तयार करतात. ऐन, किंजळ इत्यादी झाडांच्या फांद्या, वाळलेला पाला, गवत आणि शेण यांचे थर रचून वर माती पसरावयाची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते पेटवावयाचे, अशी ही भाजावळ असते. पाला व गवत वरकस जमिनीतून आणि लगतच्या रानातून येत असे. म्हणजे खाचरातील भाताचे मूळ डोंगरावर होते. एक एकर खाचर पिकविण्यासाठी त्याच्या जोडीला उताराची बरीच जमीन लागे. सारा-आकारणीत वरकस जमीन हलकी ठरली, तरी शेतकऱ्याच्या हिशेबात ती खाचराचाच एक भाग होती.

वरकस जमिनीचे स्वतःचेही पीक असे. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी हरीक, तीळ किंवा उडीद, आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक, असा क्रम सामान्यतः असे. पडीक काळात तेथे गवत व झुडपे वाढत आणि त्यांचाच पुढे राब होत असे. पिकांची ही फेरपालट, पडीक आणि राब हे एकाच चक्राचे भाग होते. ठाकूर आणि कातकरी समाजांच्या वाट्यास आलेल्या वनातील दळी जमिनींवरही नाचणी-वरीचीच शेती चाले.

१८७८ च्या भारतीय वन कायद्यानंतर राखीव वनांची आखणी झाली, तेव्हा या चक्रावर प्रथम आघात झाला. राबासाठी फांद्या तोडणे ही वनखात्याच्या दृष्टीने नासाडी, तर रयतेच्या दृष्टीने शेतीची पूर्वअट होती. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारने वन आयोग नेमला. १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाचा प्रश्न प्रमुख होता. राब ही अडाणी रूढी आहे की त्यास काही शास्त्रीय आधार आहे, याची परीक्षाही पुढे झाली. हॅरोल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी पश्चिम भारतातील राबपद्धतीवर १९१२ साली प्रबंध प्रसिद्ध केला. राखेच्या खताबरोबरच माती तापल्याने तिच्यात होणारे बदल रोपांच्या वाढीस कारणीभूत होतात, हे त्या संशोधनामुळे पुढे आले.

रानावरील हक्काचा हा वाद तेवढ्यावर मिटला नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी जवळच्याच चिरनेर येथे झालेल्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबाराने सत्याग्रही मृत्युमुखी पडले. या घटनेची नोंद राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात होते आणि ती योग्यच आहे. परंतु तिच्यामागे लाकूडफाटा, गवत आणि राब यांवर चालणारी एक कृषिव्यवस्था होती, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

५. निवड, संकर आणि नावांतील स्थित्यंतर

१९१९ साली कर्जत येथे भात संशोधन केंद्र स्थापन झाले. स्थानिक वाणांतून उत्तम रोपे निवडून त्यांची शुद्ध वंशावळ वाढविणे हे या काळातील संशोधनाचे मुख्य धोरण होते. कोळंबा ४२, झिनिया ३१, पाटणी ६ आणि पनवेल ६१ ही या काळातील निवडीची नावे होत. त्यांची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. पहिले पद लोकांचे अथवा स्थळाचे आहे आणि दुसरे प्रयोगशाळेतील क्रमांकाचे. शेतकऱ्याच्या शेतात ‘झिनिया’ म्हणून जे मिश्र बी नांदत होते, त्यातील एका वंशास क्रमांक मिळाला. उरलेले वंश तूर्त शेतात राहिले, तरी क्रमांकित बियाण्याचा प्रसार जसजसा वाढला तसतसे ते मागे पडले.

१९६० नंतरच्या काळात ठेंगण्या, खतास प्रतिसाद देणाऱ्या वाणांचे युग सुरू झाले. १९६८ मध्ये जया, १९७० मध्ये रत्ना आणि १९७१ मध्ये कर्जत १८४ हे वाण प्रसारित झाले. तैचुंग नेटिव्ह १ आणि कोळंबा ५४० यांच्या संकरातून कर्जत १८४ निर्माण झाला. १९७२ साली दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे कार्य पुढे चालू राहिले. खाऱ्या जमिनींसाठी पनवेलच्या केंद्रातून निघालेल्या वाणांच्या वंशावळीत भुरा राता आहे. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. जुने वाण निरुपयोगी होते, हा समज चुकीचा आहे. नव्या वाणांस त्यांच्याच गुणांची जोड द्यावी लागली. तसेच संशोधकांनी जुन्या वाणांचा सर्वस्वी अव्हेर केला, हा आक्षेपही योग्य नव्हे.

या तिसऱ्या टप्प्यातील नावांत संस्थेचे अथवा गावाचे नाव आणि क्रमांक एवढेच उरले. ‘कर्जत १८४’ या नावावरून तो कोणत्या जमिनीत लावावा, किती दिवसांत पिकेल, तांदूळ तांबडा की पांढरा, यांपैकी काहीच कळत नाही. ती माहिती आता पत्रकात असते अथवा कृषिसहायक सांगतो. नावात साठविलेली सूचना नावाबाहेर गेली. याचा अर्थ नवे वाण वाईट असा नव्हे. त्यांनी उत्पन्न वाढविले आणि टंचाईच्या काळात ते फार मोलाचे ठरले. परंतु ज्ञानाचा ताबा कोणाकडे आहे, यात पडलेला फरक नावांच्या या तीन थरांतून स्पष्ट दिसतो.

६. वरकसाचा लोप

भाताच्या वाणांची जागा निदान दुसऱ्या भाताने घेतली. नाचणी, वरी आणि हरीक यांच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांची जमीनच शेतीतून निघून गेली. हा भाग मुंबईच्या निकट असल्याने गिरण्यांच्या काळापासून येथील तरुण बाहेर पडू लागले. पुढे रसायनी आणि नागोठणे येथे रासायनिक कारखाने उभे राहिले. पेण, हमरापूर, जोहे आणि जिते या पट्ट्यात गणेशमूर्तींचा व्यवसाय वाढला व त्याने अनेक घरांस चांगले उत्पन्न दिले. उतारावरच्या शेतीस मात्र माणसांचे फार कष्ट लागतात, आणि ते देण्याचे कारण उरले नाही. रासायनिक खते आल्यावर राबाची गरजही कमी झाली, आणि वरकस जमिनीचा खाचराशी असलेला दुवा तुटला. तुटलेल्या दुव्याची जमीन प्रथम विकली जाते.

सखल जमिनीचा प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला. नियोजित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासंबंधी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले, आणि बहुसंख्यांनी विरोधी कौल दिला. तो प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही. त्या वादात चर्चा झाली ती भूसंपादन, मोबदला आणि पाणी यांची. तथापि ज्या जमिनीवर विशिष्ट वाण टिकले ती जमीन राहणार की नाही, हा प्रश्नही त्याच निर्णयात अंतर्भूत होता.

रानातील वनस्पतींची स्थिती याहून वेगळी नाही. पावसाळ्याच्या आरंभी शेवळे, टाकळा, कुलू, भारंगी इत्यादी रानभाज्या आदिवासी स्त्रिया बाजारात आणतात. शेवळ्यांची भाजी करताना घशास खाज सुटू नये म्हणून काकडाची आंबट फळे घालण्याची रीत आहे. येथे एक कंद आणि एक वृक्ष यांची सांगड स्वयंपाकाने घातलेली आहे. शेवळे राखावयाचे आणि काकड तोडावयाचा, हे संरक्षण अपुरे होय. हिवाळ्यात वालाच्या शेंगा मडक्यात भाजून केलेल्या पोपटीस भांबुर्ड्याचा पाला लागतो, हेही तसेच उदाहरण आहे. लागवडीचे पीक आणि बांधावरचे तण असा जो भेद शास्त्र करते, तो येथील आहाराने मानलेला नाही.

७. राखावयाचे ते काय

गेल्या पंचवीस वर्षांत कायद्याची साधने बरीच वाढली आहेत. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याच्या वाणांची नोंदणी शक्य झाली आणि बी राखण्याचा व देवघेवीचा त्याचा हक्क मान्य झाला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. २००६ च्या वन हक्क कायद्यामुळे दळी जमिनींच्या दाव्यांस मार्ग मिळाला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांच्या बीजसंवर्धनाचा २०२० च्या पद्मश्रीने गौरव झाला. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि शहरांत नाचणीस पुन्हा प्रतिष्ठा आली.

हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि वर दिलेल्या इतिहासावरून एक मर्यादा ध्यानात येते. नाचणीस भाव मिळाला म्हणून जितेच्या उतारावरची नाचणी टिकेलच असे नाही. तो भाव दुसरीकडची, एकाच सुधारित वाणाची नाचणीही घेऊ शकते. शीतगृहात ठेवलेले बी नष्ट होत नाही हे खरे, आणि संशोधनास त्याची नितांत गरज आहे. परंतु ते ज्या दिवशी ठेवले त्या दिवशीच्या अवस्थेत राहते. बदलत्या पावसाशी आणि वाढत्या खारेपणाशी जुळवून घेण्याचे काम बी शेतातच करू शकते. राता वाण प्रयोगशाळेत घडला नव्हता. बांध फुटणे आणि पुन्हा बांधणे यांच्या दीर्घ परंपरेत तो घडला.

यास्तव स्थानिक नोंदवह्यांत केवळ वनस्पतींच्या नावांच्या याद्या असू नयेत. प्रत्येक वाणापुढे त्याचे गावातील नाव व त्या नावाचे पर्याय, जमिनीचा प्रकार, लावणीची रीत, मुदत, पेंढ्याचा उपयोग, त्याचा पदार्थ आणि ते बी कोणाच्या घरातून कोणाकडे गेले, एवढे तरी लिहिले जावे. खारी, गोडी, वरकस, दळी, हळवा, गरवा, रहू, राब हे शब्द ज्यांना व्यवहारातून ठाऊक आहेत, अशी पिढी आता वृद्ध झाली आहे. हे काम वनस्पतिशास्त्रज्ञास एकट्याने होण्यासारखे नाही, आणि भाषाशास्त्रज्ञासही नाही. दोघांनी एकत्र बसून ते लवकर हाती घ्यावयास हवे.

त्याचबरोबर बांध, उतार आणि रान यांवरील हक्क ज्यांच्याकडे आहे, त्यांना ते राखणे परवडले पाहिजे. पेण तालुक्यातील वाणांचा इतिहास हा अखेर जमिनीच्या प्रकारांचा इतिहास आहे. जमिनीचा जो प्रकार व्यवहारातून गेला, त्याचे बी त्याच्यामागून गेले. आणि जो टिकला, तेथे नव्या वाणांच्या गर्दीतही जुन्याचा एखादा वाफा राहिलेला असू शकतो. अशा वाफ्यांचा शोध हा या विषयातील पुढील अभ्यासाचा पहिला टप्पा ठरावा.